शेवटच्या हिमाची तारीख

सुधीरला तुम्ही सगळे हुशार समजता ना, मग त्याच्या टोमॅटोचं ऐका. माझा हा नवरा सिंगापूरला, जुरोंग आयलंडवरच्या केमिकल कारखान्यात इंजिनियर. लेखी सूचना असल्याशिवाय घरातला बल्बसुद्धा बदलत नाही. डिसेंबरात शिकागोच्या नणंदेनं टोमॅटोच्या बिया पाठवल्या आणि वर आव्हान दिलं, "बघू दादा, पहिला टोमॅटो कुणाकडे लागतो!"

पाकिटावर छापलेलं होतं, वसंतातलं शेवटचं हिम पडण्याच्या सहा आठवडे आधी बिया घरात पेरा.

झालं! सिंगापूरची तारीख काही सापडेना.

मी म्हटलं, "अरे, इथे हिम पडतं का कधी?"

"म्हणूनच शिकागोची तारीख धरायची," तो म्हणाला. फ्रिजवर चार्ट लागला. पेरणी, एक एप्रिल!

तेवढ्यात पुण्याहून माझी आई आली. तिनं पाकीट फोडलं, बिया बाल्कनीतल्या कुंडीत टाकल्या आणि आठवड्यात कोंब वर आले. कंपनीच्या बसमधून उतरून सुधीर घरी आला, तो किंचाळलाच.

"आई! अहो, शेवटचं हिम कधी पडतंय त्यावरून पेरायचं होतं!"

आईनं पदरानं घाम पुसला. "पडलं असेल हो, सुधीरराव. मी आल्यापासून तर थेंबभर नाही."

एक एप्रिलला जेवायला त्याच टोमॅटोची कोशिंबीर होती. सुधीर उठला, चार्टवर 'पेरणी'पुढे नीट टिक केली आणि वाटी पुढे करून म्हणाला, "आई, अजून थोडी वाढा."