पोरगं ऐकत नाही

…रंगली का म्हणे! सकाळपासून हा सातवा माणूस. दूधवाला विचारतो, समोरची शिंपीण विचारते, मुख्याध्यापिकाबाईंनी तर ऑफिसात बोलावून, दार लोटून, हळूच विचारलं, "मावशी, रविवारची मॅच रंगली का हो?" अहो, मॅच म्हणजे काय भिंत आहे रंगायला? दोन माणसं एकमेकांचं थोबाड फोडतात, त्यातला एक माझ्या पोटचा, आणि मलाच विचारतात, रंगली का!

तुम्हाला सांगते, पण ऐका आणि इथंच विसरा. माझा मुलगा ठोसे मारतो. म्हणजे बॉक्सिंग. तीस वर्षांचा घोडा झालाय, टायरच्या दुकानात पंक्चर काढतो, आणि पोस्टरवर त्याचं नाव काय? 'वादळ'! पंक्चर काढणारं वादळ पाहिलंय कुणी? आणि समोरचा 'हातोडा'. बर्फाच्या कारखान्यात लाद्या फोडतो तो दांडगा. त्याला मी तिसरीपासून ओळखते, दोनदा बसला तिसरीत, त्याचं शेंबडं नाक ह्या हातांनी पुसलंय मी. कारण मी शाळेत शिपाईबाई. बावीस वर्षं घंटा देतेय. व्हरांड्यात रुळाचा तुकडा टांगलाय, लोखंडी दांडा माझ्या हातात, आणि त्या दांड्याला दुसऱ्या कुणी हात लावलेला मला खपत नाही.

दोन महिने नुसता गाजावाजा! खांबावर पोस्टर, न्हाव्याच्या आरशावर पोस्टर, माझ्या मोरीच्या भिंतीला बाहेरून पोस्टर. गाडीवरचा भोंगा दिवसातून चारदा दारावरून जायचा, "अशी झुंज पुन्हा होणे नाही! कोण उभा राहणार? कोण आडवा होणार?" अरे मेल्या, भाजीच्या गाडीसारखं काय ओरडतोस, माझं पोर आहे ते! त्या मोरीवरच्या पोस्टरमध्ये हवा धरली आणि नेमका माझ्याच पोराचा गाल फुगला. बोटाने दाबायला गेले, तर फाटला. कानापर्यंत. मी असलं काही मानणारी बाई नाही… पण त्या दिवशी शाळेत जाईपर्यंत तीनदा मागं वळून बघितलं.

कारण मला ठाऊक होतं ना! कुणालाच ठाऊक नव्हतं ते मला ठाऊक होतं. तीन आठवडे आधी ह्याला ओढत कानाच्या डॉक्टरकडे नेला होता. टेबलावर प्लास्टिकचा कान, हा एवढा, परातीएवढा. डॉक्टर म्हणाले, "मावशी, डावा कान गेला. त्यातून आता काही ऐकू यायचं नाही. डोक्याला असाच मार बसत राहिला, तर उजव्याची खात्री मी देत नाही." आणि हे ते सांगत होते डाव्या बाजूला उभं राहून, त्यामुळे आमचे चिरंजीव त्या प्लास्टिकच्या कानाकडे बघून नुसती मान हलवतायत! पायऱ्यांवर आल्यावर मी सगळं पुन्हा सांगितलं, तर मला म्हणतो, "आई, हे बाहेर फुटलं तर मला खेळू देणार नाहीत. गप्प बसायचं." मी ओरडले, "अरे ठोंब्या, ठार बहिरा होशील!" तर म्हणतो, "काय?"

आता सांगा, अशा मॅचचं काय रंगायचं असतं?

तर मॅच आमच्याच शाळेच्या हॉलमध्ये. एवढं मोठं छप्पर दुसरीकडे नाही. आदल्या दिवशी बॉक्सिंग क्लबच्या घंटेला तडा गेला, म्हणून आमचे पीटीचे मास्तर, मॅचचं घड्याळ त्यांच्याकडे होतं, ते धावत आले. "मावशी, तुमची घंटा द्या." म्हटलं, "घंटा नेऊन टांगा, दांडा मिळायचा नाही. वाजवीन मीच." त्यांना वाटलं बाईचा तोरा. तोरा कसला! मी मनाशी ठरवलं होतं, पोराला फार लागायला लागलं की वेळ होवो न होवो, मी वाजवणार. आई आहे मी, घड्याळ नाही. मास्तरांनी चारदा बजावलं, "मावशी, एकच टोल. सुरू एक, थांबा एक. तुमचं ते तास बदलायचं दोन, शाळा सुटायचं घणघण, इथं चालायचं नाही." म्हटलं, "चौथी पास आहे मी. एक म्हणजे किती ते कळतं."

दुपारी चारला हॉल गच्च. बाकं तिसरी-चौथीच्या वर्गांतली, आणि त्यांवर ही मोठी मोठी माणसं गुडघे हनुवटीला लावून बसलेली. मी एकेकाला ओळखत होते, सगळी माझ्याच घंटेवर लहानाची मोठी झालेली. पण त्या दिवशी एकाने हसून बघितलं नाही. सगळे कसे दात आवळून, रक्ताची वाट बघत असल्यासारखे… माझ्या हातातला दांडा गार पडला होता.

पहिला टोल दिला. आणि काय झालं? काही नाही! दोघं एकमेकांभोवती असे फिरत होते, जसे अबोला धरलेले शेजारी अरुंद बोळात समोरासमोर आलेत. मागून कुणीतरी ओरडलं, "अरे मारा की! ह्यासाठी दोन महिने भोंगा ऐकला?" दुसरा जांभई देत म्हणाला, "फुसका बार आहे." आणि मी, तुम्हाला सांगते, मी मनात म्हणत होते, असंच चालू दे, फुसकं होऊ दे, झोपा येऊ देत सगळ्यांना. मॅच पडली तर पडू दे, माझं पोर पडायला नको.

पण दुसऱ्या फेरीत हातोड्याने हात उघडला. एक ठोसा… पोराची मान फिरली. दुसरा… ह्याचा गुरू कोपऱ्यातून बोंबलतोय, "डावीकडून येतोय, डावीकडून!" आणि ह्याच्या डावीकडे तर सगळी सामसूम! तिसरा बसला तो उजव्या कानाशेजारी. शेजारी म्हणजे किती? एवढं. बोटभर. मी मास्तरांकडे बघितलं, तर मास्तर बाकावर चढून नाचतायत, घड्याळ खिशात! हातोड्याने पुन्हा हात मागे नेला आणि माझं डोकंच बंद पडलं हो. एक नाही, दोन नाही, हात आपला आपण सुटला… घण घण घण घण घण!

शाळा सुटली!

अख्खा हॉल उठून उभा राहिला. देवाशपथ! बँकेतल्या साहेबाने पिशवी खांद्याला लावली, न्हावी बाकाखाली चपला शोधायला लागला, दाराशी रांगसुद्धा लागली आणि रांगेत कुणीतरी म्हणालं, "ढकलू नका रे." आणि हातोडा! त्याने दोन्ही हात खाली सोडले, पाठीवर दप्तर घेतल्यासारखा खांदा उडवला आणि वळला दाराकडे. बावीस वर्षांत माझी घंटा ऐकून न थांबलेला माणूस मी बघितला नव्हता. त्या दिवशी बघितला. ज्याच्यासाठी वाजवली तोच! त्याला ऐकूच आली नाही. उजव्या कानात त्या तिसऱ्या ठोशाची घूं घूं, रूळ टांगलेला त्याच्या डावीकडे, आणि ते माझ्या लक्षात आलं तेव्हा, जेव्हा त्याने हात उगारला. दिला ठेवून! हातोडा लादीसारखा आडवा.

मग जो गलका झाला! "दगाबाज! घंटेनंतर मारला! थू!" बाटल्या आल्या, चपला आल्या. माझं पोर मधोमध उभं, एकेकाचे ओठ बघतंय, हे का चिडलेत कळत नाही. पंच जवळ गेले. "काय रे, घंटा ऐकली नाहीस?" आणि तुम्हाला सांगते, ह्याने पंचांच्या तोंडाकडे टक लावून बघितलं आणि म्हणाला, "ऐकली." ऐकली म्हणे! चोर म्हणा, दगाबाज म्हणा, पण बहिरा म्हणू नका!

मला राहवेना. दांडा घेऊनच दोऱ्यांपाशी गेले, म्हटलं आता फुटू दे सगळं. सांगायचं होतं, ह्याला ऐकू येत नाही. पण बावीस वर्षं शाळेच्या दारात आयांच्या तोंडून जे वाक्य ऐकलं, तेच जिभेवर बसलेलं. गळा काढून ओरडले, "अहो, खोटं बोलतोय! पोरगं ऐकत नाही हो माझं! ऐकत नाही!"

पंच म्हणाले, "ते दिसलंच, मावशी. सख्खी आई सांगतेय म्हटल्यावर काय!" आणि लिहिलं वहीत. स्पर्धक ऐकत नाही. बेशिस्त. निकाल रद्द. तीन महिने बंदी.

"अहो तसं नाही" म्हणायला तोंड उघडलं, तर पोराच्या ओल्या ग्लोव्हने माझं कोपर धरलं. ओठ वाचले होते त्याने माझे. म्हणाला, "आई, राहू दे." आणि मी, जी मुख्याध्यापिकाबाईंना गप्प करते ती मी, गप्प बसले. म्हटलं, तीन महिने तर तीन महिने, तेवढे तरी डोक्यावर मार नाही. तिकडे हातोडा शुद्धीवर आला, उठून बसला आणि विचारतो, "सुटली का शाळा?"

आणि लोक मला विचारतात, रंगली का!

काल क्लबचे सेक्रेटरी घरी आले. तोंडभर हसू. "मावशी, गावात दुसरा विषय नाही! बंदी संपली की पुन्हा. पोस्टर छापायला टाकलंय, 'घंटेनंतरचा बदला!' आणि घंटा तुमचीच हं." मी पोराकडे बघितलं. म्हटलं, आता तरी नाही म्हणेल. तर तो सेक्रेटरींना म्हणतो, "घंटा तेवढी माझ्या उजव्या बाजूला टांगा." सेक्रेटरींना वाटलं, काहीतरी डाव आहे खेळातला. खूश होऊन गेले.

तेव्हापासून बोलतेय मी त्याला. उठल्यापासून. दात घासताना, दुकानात जाताना, जेवताना, उजव्या बाजूला जाऊन जाऊन. तो आपला हूं हूं करतो. शिंपीण खिडकीतून म्हणाली, "अहो, किती बोलाल त्या पोराला! कान किटले असतील त्याचे."

म्हटलं, किटले नाही बाई, किटला. एकच आहे… तो आहे तोवर बोलून घेते.