सात नंबरचं पार्टिशन

सन्माननीय अध्यक्ष आणि आमच्या फाउंड्रीचे मालक मारुतीराव, व्यासपीठावरील पाहुणे, आज आपल्यातून जाणारे परशराम, आणि भट्टी सोडून आलेल्या बंधुभगिनींनो, सर्वांना नमस्कार.

मी चंद्राबाई, ऑफिसातली टायपिस्ट. भाषणाची सवय नाही. पण आज गप्प बसले तर घरी आईला तोंड दाखवता येणार नाही.

माझे वडील कल्लाप्पा मिस्त्री, तुम्हा सगळ्यांचे आप्पा. कुठल्या कास्टिंगला भंगार किती, कोक किती, सगळं त्यांच्या डोक्यात. दर शनिवारी ते सांगायचे आणि परशराम कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचे. आप्पा चेष्टेनं म्हणायचे, "माझं डोस्कं ह्या पेटीत घाल बाबा, मी लई दिवसांचा न्हाय." खरंच, दिवाळीआधी गेले.

मग नवं मशीन आलं. आप्पांचं सगळं तार जोडून थेट त्यात उतरवलं आणि जुनं विकलं. दोन्ही चालायची युनिक्स नावाच्या एकाच प्रणालीवर. पण डिस्कचे जे भाग पाडतात, पार्टिशन म्हणतात त्यांना, त्यांची नावं दोघांत वेगळी. जुन्यावर ए, बी, सी अशी अक्षरं. त्यातला सी म्हणजे भाग नव्हेच, अख्खी डिस्क! त्याला हात लावायचा नाही, हे परशरामांना पाठ. नव्यावर शून्यापासून सातपर्यंत आकडे. म्हणून सीच्या जागचा दोन नंबर त्यांनी जपून सोडला. इथं मात्र अख्खी डिस्क सात नंबरला होती. शेताच्या हिश्श्यांना नंबर द्यावेत आणि त्यातलाच एक सगळ्या शेताला द्यावा, तसं. मशीनवाल्यांच्या इंजिनिअरला त्यांनी माझ्यासमोर ट्रंककॉल लावून विचारलं, सात नंबर वापरू का. उत्तर आलं, "वापरातल्या यादीत दिसत नाही ना? मग मोकळंच आहे." मोकळा समजून त्यांनी सात नंबर नव्यानं आखायला घेतला, आणि सगळं पुसलं गेलं. जपून ठेवलेल्या नकलेच्या जुन्या टेपा नवं मशीन वाचेना.

परशराम भिंतीला टेकून रडत होते. "चंद्राक्का, आप्पांचं सगळं मी पुसलं गं." मला राग आला नसेल? आला. पण ज्यानं जपून केलं, विचारून केलं, त्या माणसाला बोल कसा लावू?

आज शाल, नारळ, गोड शब्द. आणि सोबत दाखला, "हलगर्जीपणामुळे सेवेतून कमी". हा कागद घेऊन गेल्यावर उद्यमबागेतल्या दुसऱ्या कारखान्यांत त्यांना दारात तरी कोण उभं करणार?

सर्वांनी ऐकून घेतलंत, आभारी आहे. अधिकउणं बोलले असेन तर लेक समजून पोटात घाला. आणि मारुतीराव, गेलं ते माझ्या बापाचं गेलं. माझी तक्रार नाही. मग दाखल्यातला तो ‘हलगर्जीपणा’ शब्द कुणासाठी? शाल मागनं घाला, आधी तो खोडा.