डावा मागचा कोपरा

नाही नाही, तक्रार घेऊन नाही आलो हो — बसा, बसा तिथेच, खाली उतरू नका, मशीन बंद केलंत तेवढं पुरे — तक्रार करायची असती तर तुमच्या साहेबांकडे गेलो असतो, तुमच्यापाशी कशाला आलो असतो? मी मुद्दाम तुमच्याकडेच आलोय. दोन बस बदलून, अर्धी रजा टाकून. गेटवर विचारलं, फोर्कलिफ्टवाले कुठे भेटतील, तर म्हणाला, कुठले, पाच जण आहेत. मी म्हटलं, डावखुरे. लगेच बोट दाखवलं त्यानं. तुम्ही मला ओळखत नाही ना? कसे ओळखणार! मी मात्र तुम्हाला अकरा वर्षं ओळखतो. घाबरू नका, तसलं काही नाही. मी पॅलेटवाला. म्हणजे हे — हे लाकडी पॅलेट, ज्याच्यावर माल रचून तुम्ही दिवसभर उचलता नि ठेवता ना — हे मोडलं की ट्रकमध्ये पडून जिथे येतं, तिथे मी असतो. दुसऱ्या गोदामाच्या मागच्या शेडमध्ये. कंपनी एकच, गोदामं दोन. इथे तुम्ही मोडता, तिथे मी जोडतो. म्हणजे... मोडायचात.

टेकू का जरा या थप्पीवर? सातआठ पॅलेटं आहेत, माझीच असणार, मला धरतील. हां. तर मी काय सांगत होतो? कोपरा. बघा, मोडकं पॅलेट आलं की मी लगेच हातोडा नाही उचलत. आधी हात फिरवतो. कुठली फळी गेली, कशी गेली, फळीखालचा ठोकळा शाबूत आहे का. वरून माल आदळला तर फळी मधोमध जाते, पाऊस खाल्ला तर टोकाला भुसभुशीत होते — आणि तुमच्या गोदामातून आलेलं पॅलेट असलं की डावा मागचा कोपरा. नेहमी. बाकी सगळं जिथल्या तिथे आणि तेवढाच एक कोपरा असा ओठ फाटल्यासारखा. पहिलं वर्षभर वाटलं योगायोग असेल. मग म्हटलं नाही, हा माणूस आहे. एकच माणूस आहे आणि डावखुरा आहे. घरी जाऊन बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, "बाकी काही कळतं का त्याच्याबद्दल?" म्हटलं, कळतं ना, सोमवारी जरा रागात असतो. सोमवारची फळी उभी चिरलेली असायची तुमची. शनिवारी नुसता ओरखडा. रागावू नका, पण तुमची मधली सुट्टी कधी रद्द झाली तेसुद्धा मला कळायचं. बायको म्हणायची, तुमचं माझ्यापेक्षा त्या माणसाकडे जास्त लक्ष आहे. खोटं कशाला बोलू — होतंच. दिवसभर त्या शेडमध्ये दुसरं कोण असायचं हो बोलायला? तुम्ही बोलायचात, मी उत्तर द्यायचो. असंच म्हणायचं.

आणि आता तीन महिने तुम्ही गप्प.

तीन महिन्यांत किती पॅलेटं आली माझ्याकडे? एक. एकच. आणि तेही मोडलेलं नव्हतं, चुकून चढलं होतं ट्रकमध्ये. वाट चुकलेल्या पाहुण्यासारखं आलं. मी त्याला चारी बाजूंनी ठोकून बघितलं, काही नाही, खणखणीत. तरी दिवसभर ठेवून घेतलं मी त्याला. काय करणार? रिकाम्या शेडमध्ये माणूस बसला की लोकांच्या डोळ्यांत येतो. आमचे साहेब आले, कमरेवर हात ठेवून उभे. म्हणाले, "काही मोडत नसेल तर दुरुस्ती कसली?" मी म्हटलं, साहेब, मोडेल, धीर धरा. तर म्हणाले, "मोडलंच तर नवं घेऊ." झालं! म्हणजे मोडलं नाही तर मी नको आणि मोडलं तरी मी नको. नव्याचा नमुना आणून ठेवलाय त्यांनी टेबलाजवळ — बघितलंय का तुम्ही नवं? ओलं लाकूड, हो! दाबलं तर नखाची खूण उठते. एक उन्हाळा जाऊ दे, मग बघा, खिळे दातांसारखे हलायला लागतील. माझ्याकडे सहासात वेळा दुरुस्त झालेली पॅलेटं आहेत, अजून उभी आहेत, आणि हे पोरगं एका वर्षात अंथरूण धरणार. पण सांगायचं कुणाला? या महिन्याअखेर शेड बंद. मला कुठे टाकणार आहेत, ऐकायचंय? खोक्यांना चिठ्ठ्या चिकटवायला. 'ही बाजू वर' असं लिहिलेलं असतं आणि बाण असतो, ती चिठ्ठी. पंचवीस वर्षं सुतारकाम केलेल्या माणसाला वर कुठली ते दाखवायला बसवणार.

म्हणून आलोय. थोडं... सुरू करा ना परत. मोडायला. हसू नका, मी गंभीरपणे बोलतोय. जास्त नाही, दिवसाला तीनचार. आणि त्याचीही एक पद्धत आहे, मी सांगतो तसं करा, म्हणजे तुमच्यावर बालंट नको — ठोकळ्याला धक्का नाही लावायचा, ठोकळा गेला की साहेब म्हणतील टाकून द्या. फक्त फळी. आत शिरताना मशीन दोन बोटं डावीकडे, आणि मग थांबायचं नाही, हळूच — असं — खर्रर्र. एवढंच. फळी वर उचलली जाते, माल जागचा हलत नाही, कुणाला पत्ता लागत नाही. ट्रकवाल्याला म्हणायचं, हे घेऊन जा बाबा. संपलं.

मी का नाही मोडत? स्वतःच? प्रयत्न केला हो. ते चुकून आलेलं होतं ना, त्याच्यावर उगारली होती पहार. फळीत घातलीसुद्धा. पण खिळा कण्हतो ना निघताना, तसा कण्हला, आणि माझा हातच आखडला. स्वतः ठोकलेलं स्वतः नाही मोडवत. तुमचं तसं नाही. तुम्ही त्या दृष्टीनं मोकळे आहात.

काय? नाही? का नाही?

हां, तो फोटो. बघितला मघाशी आत येताना, हार घातलाय तो. हार म्हणजे — तसला नव्हे, कौतुकाचा. 'सलग तीन महिने एकही मोडतोड नाही.' छान आलाय फोटो. चष्मा शोभतो तुम्हाला. अभिनंदन, मनापासून. मला आमचा ट्रकवाला सगळं सांगायचा तुमच्याबद्दल — तुम्हाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवलं ते, मग चष्मा लागला ते, मग मशीनच्या पाठीला 'शिकाऊ' अशी पाटी लावली ते — सतरा वर्षं चालवणाऱ्या माणसाला! — आणि ते ग्लासाचं. खरं आहे का ते? पॅलेटवर काठोकाठ भरलेला पाण्याचा ग्लास ठेवायचा आणि रोज सकाळी सगळ्यांसमोर गोदामाला एक फेरी मारायची? आणि थेंब सांडला की परत पहिल्यापासून? किती दिवस? सव्वा महिना? अरे देवा. आणि सगळे बघत उभे? ऑफिसातल्यासुद्धा? मला ट्रकवाला म्हणाला होता आठवडाभर. त्यानं कमी करून सांगितलं वाटतं. माझा चेहरा बघून सांगितलं असेल.

नाही, माझा चेहरा कशाला पडेल? माझा काय संबंध? मी आपलं म्हटलं.

हो हो, चष्म्यानं फरक पडला असेल. पडतोच. हात स्थिर झाला असेल, हो, ग्लासानं होत असेल तसं. असेल, असेल... अहो पण दादा, चष्म्यानं खिळा लांब होतो का? नाही, काही नाही. मी म्हटलं, चष्मा चांगला आहे.

खिळा? खिळा कुठे म्हटलं मी?

बरं. बरं, ऐका. बसून ऐका. हे तुम्हाला सांगायला नव्हतो आलो मी. पहिली आठ वर्षं जी मोडतोड झाली ती तुमची. शंभर टक्के तुमची, तिच्यात माझा खिळ्याएवढाही... तिच्यात माझा काही हात नाही. पण मग तुम्ही सुधारायला लागलात. दिवसाला दहाबारा यायची ती पाचसहावर आली, मग दोनावर. मला पहिल्यांदा वाटलं तुम्ही आजारी आहात. मग लक्षात आलं — माणूस शिकला. एवढी वर्षं चालवून हात बसला त्याचा. चांगली गोष्ट आहे, कोण नाही म्हणतंय? पण तेव्हाही साहेब असेच कमरेवर हात ठेवून आले होते शेडमध्ये. तेव्हा मी — त्या एका कोपऱ्याला — डाव्या मागच्या — तीन इंची लागतात तिथे दीड इंची खिळे मारायला लागलो. फक्त तेवढ्याच कोपऱ्याला! बाकी सगळीकडे तीनच, देवाशपथ. म्हणजे तुमचा नुसता वारा लागला तरी फळी उठणार. आणि दिसायला तुमचंच काम दिसणार. सही तुमची, हात माझा. तीन वर्षं.



अहो, मला काय माहीत ते तुम्हाला चष्मा लावतील! मला वाटलं, मोठी कंपनी आहे, चालायचंच. डॉक्टरकडे पाठवलं असं ट्रकवाला म्हणाला त्या दिवशी मला जेवण गेलं नाही, बायकोला विचारा. त्याच दिवसापासून लांब खिळे मारायला लागलो मी, आठवडाभर मारले. इकडची मोडतोड थांबली, शेड रिकामी. नवव्या दिवशी साहेब दारात, कमरेवर हात. मग काय... परत आखूड. त्यानंतर ती पाटी लागली तुमच्या मशीनला, मग तो ग्लास. मी रोज म्हणायचो, उद्यापासून लांब. आता तीन महिने थांबलं ते काही माझ्या चांगुलपणानं नव्हे हो, तेही सांगून टाकतो — आमचा स्टोअरवाला आहे, आम्ही त्याला 'पावती' म्हणतो, पावतीशिवाय टाचणीही देत नाही, त्यानं आखूड खिळे मागवायचे बंद केले. पॅलेटला लागत नाहीत म्हणाला. आता सगळीकडे तीन इंची. म्हणून तुम्ही सुधारलात. चष्म्यानं नाही, ग्लासानं नाही. तुम्ही आधीच सुधारला होतात, तीन वर्षांपूर्वीच.

काय म्हणालात? जरा मोठ्यानं.

सून?

नातवाला... तुमच्या हातात देत नव्हती? का?

ग्लासाचं घरी कळलं म्हणून? हात थरथरतो म्हणून? जन्मल्यापासून? आणि तुम्ही... तुम्हीही मागितला नाहीत? तुम्हालाही वाटलं की खरंच...

असं होय.

मी येतो ना. आत्ता येतो तुमच्या घरी. सुनबाईंना खिळे दाखवतो, दोन्ही, माझ्या खिशात आहेत, दीड आणि तीन, शेजारी शेजारी ठेवून दाखवतो, पोरीला कळेल ते, कुणालाही कळेल. पाया पडतो पाहिजे तर. मी म्हणतो, बाई, यांच्या हातात दे बिनधास्त, अख्ख्या... मशीन का सुरू करताय? मी बोलतोय ना. मागे का घेताय?

हां! हां, कळलं! मोडताय! अहो, एवढं ऐकूनही मोडताय माझ्यासाठी? केवढं मन तुमचं! या, या — असेच सरळ — आता जरा डावीकडे — दोन बोटं — अहो, डावीकडे! नाही लागला. लागलाच नाही कुठे. आवाजसुद्धा नाही झाला. मी वर बसलोय आणि मला कळलं नाही आत कधी गेलात ते. काय हात आहे हो तुमचा! असा हात मी... थांबा, उचलू नका. मी उतरतो. दादा, मी उतरतो आधी. अहो! पाय लोंबताहेत माझे! अहो, कुठवर नेताय — रॅकचा पहिला मजला झाला, दुसरा झाला — मला उंचीची सवय नाही, मी शेडमधला माणूस! इथे ठेवताय? या फळीवर? छताला हात लागेल माझा! अहो, फोर्कचे दांडे बाहेर काढू नका, मी उतरणार कसा?

काढले. थेंबभरही हललं नाही.

...एवढी पॅलेटं आहेत होय. इथून सगळी दिसतात. या टोकापासून त्या टोकापर्यंत, सगळ्या मजल्यांवर. मी कधी बघितलीच नव्हती मालाखाली. माझ्याकडे यायची ती फाटकी, उपाशी. ते तिसरं माझं — जाड फळीवालं, दाराची जुनी फळी लावली होती मी त्याला. आणि त्याच्यावर केवढा माल रचलाय! ते पलीकडचंही माझं. एकाचाही कोपरा उठलेला नाही. तीन इंची धरतोय हो. चांगला धरतोय.

शिट्टी झाली का? जेवणाची? मग जा ना, जा तुम्ही. नाही, नाही ओरडणार मी, हाक नाही मारणार कुणाला. सावकाश जेवून या.