फोनताईंचा गळका नळ

— नाही, नाही, आधी बसा, ताई. उभ्याने ऐकण्यासारखं नाही ते. आणि पर्स एवढी घट्ट धरून बसू नका, कोणी हिसकावत नाहीये. पाणी हवंय? नको? बरं. त्या माइककडेही बघू नका सारखं, चावत नाही तो. तर काय सांगत होते मी — आराखडा. तीन वर्षांत संस्थेत कोणतं तंत्रज्ञान कसं आणायचं त्याचा आराखडा, मी रात्रंदिवस खपून केलेला, विश्वस्तांनी टाळ्या वाजवून मंजूर केलेला. त्यात तुम्ही नाही आहात. तुमची फोनची खोली आहे — खोली कुठे जातेय — पण तिथे आपोआप फोन करणारं यंत्र बसेल आणि त्याला थंड हवेची सोय करावी लागेल. बघा, तुम्ही इतकी वर्षं त्या खोलीसाठी साधा पंखा मागत होतात, नाही मिळाला. यंत्राने तर तोंडसुद्धा उघडलं नाही. हसा की जरा, ताई, विनोद केला मी.

असं बघू नका माझ्याकडे. आपली संस्था काय करते, सांगा बरं? मीच सांगते. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना रोज सकाळी फोन करते, धडधाकट आहात ना विचारते आणि कोणी फोन उचलला नाही तर माणूस धाडते. झालं. याला किती वेळ लागावा? आणि तुम्ही किती लावता? आराखडा करायचा तर आधी चाललेलं काम बघावं लागतं, म्हणून तुमची जुनी रेकॉर्डिंग लावून बसले मी. कान किटले, ताई! विचारायचं सोडून तुम्ही आपलंच रडगाणं आधी गाता. आज दूध उतू गेलं. आज गुडघा धरला. आज किल्ली आत राहिली. आणि तो नळ — अरे देवा, तो तुमच्या स्वयंपाकघरातला गळका नळ! ते रिटायर झालेले प्लंबरकाका तुम्हाला रोज नवा उपाय सांगताहेत, तुम्ही रोज म्हणताय, केलं हो काका, तरी थेंब थेंब चालूच आहे. मला सांगा, खरंच गळतो तुमचा नळ? ... वाटलंच मला. कधीच गळत नव्हता. म्हणजे पगार घेऊन म्हाताऱ्यांशी खोटं बोलायचं, आणि लोकांनी वर तुम्हाला फोनताई, फोनताई म्हणून डोक्यावर घ्यायचं. कशासाठी? काकांना सकाळी उठायला कारण हवं म्हणून? हे तुम्ही मला नका सांगू. मला कळतं. मी शिकलेली बाई आहे.

पण तुमचा आवाज चांगला आहे, हे मी सगळ्यांसमोर म्हणाले हं. म्हटलं, आवाज वाया घालवायचा नाही. यंत्रवाल्या कंपनीने त्याच रेकॉर्डिंगवरून यंत्राला तुमचा आवाज दिलाय. हुबेहूब! वाक्याच्या शेवटी तुम्ही जरासं हसता ना, ते हसूसुद्धा. म्हाताऱ्यांना कळणारही नाही तुम्ही गेलात ते. खरं तर आनंद व्हायला हवा तुम्हाला — तुम्ही घरी आणि तुमचा आवाज कामावर. फक्त परवानगी हवी, तीही तुमच्याच तोंडून, म्हणून हा माइक. एवढं म्हणायचं की, माझी हरकत नाही. म्हणा.

म्हणा ना.

बरं. नसेल म्हणायचं तर एक लक्षात ठेवा. ते सगळे फोन नंबर संस्थेचे आहेत. उद्यापासून त्यातल्या एकालाही घरून फोन केलात तर मी तुमच्याविरुद्ध तक्रार करेन, वयाकडे बघणार नाही. काका म्हणू देत नळाचं काय झालं, विचारू देत भिंतीला. आणि ती — ती तुम्हाला फोनवर विणकाम शिकवणारी आजी. तिलाही नाही. तिला तर अजिबात नाही. स्वेटरची बाही कुठवर आली म्हणे तुमची? खांद्यापर्यंत? छान. अर्धवट राहू दे.

का म्हणजे? ती माझी आई आहे.

आता कसा चेहरा पडला! तुम्हाला कळणार तरी कसं म्हणा, तिने नाव नोंदवताना माहेरचं आडनाव लावलं. मुलगी या संस्थेची प्रमुख आणि आईला सकाळी विचारायला परकी बाई — माझं हसं होईल, म्हणून लपवलं तिने. माझ्यासाठी लपवलं, ताई. मला ते रेकॉर्डिंगमध्ये कळलं. आधी वाटलं, आवाज ओळखीचा आहे, पण ही आई नाही. ही बाई हसतेय. माझी आई हसत नाही. तुला म्हणतेय, अगं वेडे, दोन टाके सोड आणि मग सुई फिरव, कुठे लक्ष असतं तुझं. मला कधी वेडे म्हणाली नाही ती. मी रोज फोन करते तिला, रोज, गाडीतून उतरायच्या आत — जेवलीस का, औषध घेतलंस का, काही हवंय का. ती म्हणते, सगळं ठीक आहे, ठेवते, तुला कामं असतील. आणि तुला मात्र आठवडाभर सांगत होती की रात्री जिन्यात बसून राहते, घरात भीती वाटते म्हणून. जिन्यात! तू कोण गं तिची? सांग ना, कोण तू?

... माफ करा. तुम्ही. तुम्ही कोण.

यंत्राची चाचणी करायची होती तेव्हा पहिलं नाव मीच दिलं. आईचं. कोणाचं तरी द्यायचंच होतं. आज सकाळी पहिला फोन गेला, मी आणि कंपनीचा माणूस इथेच बसून ऐकत होतो. तुमचा आवाज, तुमचं ते हसू, आणि प्रश्न मी लिहून दिलेले, मोजके, कामाचे. जेवलात का. औषध घेतलंत का. काही हवंय का. आईने सगळ्याला हो, हो, नाही, अशी उत्तरं दिली. आणि मग म्हणाली, "आवाज तुझाच आहे गं, पण आज अगदी माझ्या लेकीसारखी बोलतेस. बरं नाही का तुला?"

कंपनीचा माणूस म्हणाला, अभिनंदन, मॅडम, आवाज ओळखला त्यांनी.

हो. ओळखला. — तर ताई, परवानगीच्या जोडीला दोन-चार वाक्यंही हवी आहेत मला. रेकॉर्डिंगमध्ये सापडली नाहीत ती. एक, नळ अजून गळतोय. दुसरं, बाही जमत नाहीये. आणि शेवटचं, हे इथे — "तुमची मुलगी तुमची फार आठवण काढत होती." सगळ्यांसाठीच हं, ज्यांना मुली आहेत त्या सगळ्यांसाठी. आराखड्यात नाही ते, मी आत्ताच घातलं. नुसतं वाचायचं. तुमच्या त्या हसण्यासकट. वाचा. एवढं वाचा आणि मग हवं तर फोनच्या खोलीत महिनाभर बसा, मी विश्वस्तांशी बोलेन. ... इतक्या वेळात धड एक वाक्य बोलला नाहीत तुम्ही. रोज कोणाकोणाशी तोंड दुखेपर्यंत बोलता, आणि माझ्याशी —

वाजतोय. तुमच्या पर्समध्ये. बंद करा तो.

कोणाचा आहे? नंबर दिलात तुम्ही त्यांना स्वतःचा? संस्थेचा नियम — दाखवा इकडे. दाखवा म्हणते ना.

... आईचा आहे.

तुम्हाला बरं नाही असं वाटलं असेल तिला. विचारायला करत असेल. — नाही, तुम्ही नका उचलू. द्या. द्या तो माझ्याकडे, मी बोलते, मी काय परकी आहे?

हॅलो. आई? मी. ... अगं मी, मी बोलतेय. ... ताई नाहीयेत. म्हणजे आहेत, बऱ्या आहेत त्या. ... नाही, काही झालं नाही. आई, ऐक ना — तू — आई, मी —

जेवलीस का?

...

ठेवला तिने.

घ्या तुमचा फोन. जा. दार ओढून घ्या जाताना.