मला वर उचल

हाताचं प्लास्टर वाळेपर्यंत शिंपीणकाकू दवाखान्यातल्या बाकावर टेकल्या होत्या. शेजारी बहीणभाऊ बसले होते. काकूंना ऐकायचं नव्हतं, पण कान काही मिटता येत नाहीत.

"खोक्यात काय आणलंस?"

"तिरामिसू. आईला आवडतं ना, ताई. केकवाला म्हणाला, हे नाव इटलीतलं. अर्थ आहे 'मला वर उचल'. खाल्लं की उभारी येते, म्हणून तसं नाव पडलं. आईला सांगतो, तेवढीच हसेल."

"हे तू तिला सांगणार?"

"का?"

"काल बाथरूममध्ये पडल्यावर ती हेच ओरडत होती. मला उचला, कुणीतरी उचला. शेवटी सरपटत फोनपर्यंत गेली आणि तुलाच लावला."

"पार्टीत आवाज होता गं. ऐकू आला नाही."

"ऐकू आला नाही तर कट कुणी केला? तोही दोनदा."

"आई म्हणाली तसं?"

"आई म्हणते, पोराला रेंज नसेल."

भावाने मांडीवरचं खोकं उचलून हातात घेतलं.

"जा आता. भरव तिला. नावाचा अर्थ विचारला तर माहीत नाही म्हण."

"तूही चल ना."

"नको. माझ्या तोंडून खरं निघून जाईल."