बादलीतला खडक

जयपूरच्या तारघरात ट्रंककॉलच्या रांगेत मागून मराठी ऐकू आलं, तसे तारामतीबाईंनी मान न वळवता कान टवकारले.

"चाचणीला दोनशे टन वाळू चढवली डोक्यावर, आणि पुलाच्या पायाचा पाइल खचला किती? तीन मिलिमीटर!"

"अहो, हळू. लोक बघतायत."

"बघू देत! आप्पांना आधी हेच सांगतो."

"आणि त्या दगडाचं?"

"कुठल्या दगडाचं?"

"आठ मीटर खोल लागलेल्या. 'पक्का खडक, इथंच पाया टेकवू' म्हणत मिरवत घरी आणलात तो."

"तो तू धुवायला घेतलास!"

"चिखलानं माखलेला, माझ्या ओट्यावर ठेवलात. बादलीत टाकला, तर तासाभरात गाळ."

"केवढा ओरडलो होतो मी."

"आणि बादलीत हात घालून गाळ चोळून पाहिलात. भरल्या ताटावरून उठून साइटवर पळालात."

"चौदा मीटरपर्यंत खाली गेलो, म्हणून तर आज..."

"सातारा! सातारावाले, केबिन नंबर दो!"

तो धावला. दार लावायचंही राहिलं.

"आप्पा, पास झाला पाइल! नाही, नाही, शाबासकी मला नको. खडक कच्चा होता, तो तुमच्या सुनेनं पकडला! कशानं म्हणजे? बादलीभर पाण्यानं!"