ऊन वाटून घेताना

निमगाव केतकीच्या थांब्यावर एसटी येईना. माझ्या मागच्या बाकावर दोघी वयस्कर जावा बसल्या होत्या. थोरलीनंच तोंड उघडलं.

"गोजर, पाण्याची सकाळची पाळी मला नगं."

"आक्का, तुमीच मागून घेतली की."

"तवा विहिरीवर लाईटची मोटार हुती. चार तास तुला, चार मला. आता सौरपंप हाय. सकाळच्या उन्हात करंगळीएवढी धार येती. बारानंतर मनगटाएवढी, ती तुझ्या उसाला."

"मग सूर्याला मी सांगितलं व्हय?"

"तास सारखं, पर पाणी सारखं न्हाय, एवढंच म्हणते."

"मला तरी कुठं चार तास लागत्यात? ठिबक केल्यापासनं दोन वाजताच भागतं. पंप बंद करून मी घरी येते."

"दोनला? मग चारपतोर पंप बंदच?"

"व्हय."

"अन माझा मका हिकडं वाळतोय! मला हाक मारायची न्हाय?"

"पाडव्यालाच मारली. तुमी दार लावून घेतलंत."



"उद्या दोनला परत हाक मार. दार उघडंच ठेवते."